चहाच्या तबकांतील मृण्मूर्ति आणि देव्हाऱ्यांतील टाक

चिनी लोकांच्या चहाच्या तबकांत एक लहानशी मातीची आकृति बसविलेली असते. ती कधीं बेडकाची, कधीं कांसवाची, कधीं सिंहाची, तर कधीं एखाद्या गुबगुबीत पोराची असते. चहाच्या पानांचें पहिलें धुवण आणि पेल्यांत उरलेला शेवटचा चहा तिच्या अंगावर ओततात. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे तिच्या कोरड्या मातीस एक मंद आणि खोल तकाकी येते. चिनी भाषेंत या आकृतीस 'चा-चोंग' म्हणतात. 'चा' म्हणजे चहा आणि 'चोंग' म्हणजे लाडकें, कोडकौतुकाचें. आम्ही या लेखांत तिला चहामूर्ति म्हणूं. प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय इतिहाससंशोधनाच्या शिवेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु लहान मूर्तीवर नित्य द्रव ओतावें कीं नाहीं, ओतल्यानें तिचें काय होतें आणि ओतल्यानंतर तिची निगा कशी राखावी, हे प्रश्न चीनइतकेच आमच्या घरोघरच्या देव्हाऱ्यांतले आहेत. देव्हाऱ्यांतील टाक हें तर घराण्याच्या इतिहासाचें एक साधन आहे आणि तें साधन आमच्या डोळ्यांदेखत नाहींसें होत आहे. म्हणून चहामूर्तीच्या निमित्तानें तिकडे लक्ष वेधावयाचें आहे.

आमचें प्रतिपादन असें कीं, ओतणें दोन्हीकडे सारखें दिसलें तरी त्याचें फळ उलट आहे. भाजलेली सच्छिद्र माती ओतलेलें पिते आणि भरत जाते. धातूची मूर्ति नुसत्या पाण्यानें फारशी झिजत नाहीं. पाणी ओतल्यानंतर तिच्यावर जो हात फिरतो, त्या हातानें ती झिजते. चिनी मनुष्य आपल्या चहामूर्तीस 'पोसतो'. त्यांच्या भाषेंत याच अर्थाचें क्रियापद योजिलेलें आहे. आपण देवांस 'उजळतों'. एकांत वस्तूवर कांहीं चढतें, दुसऱ्यांत वस्तूवरून कांहीं उतरतें.

प्रथम चहामूर्तीच्या मातीविषयीं. यीशिंग हें स्थळ जिआंगसू प्रांतांत ताइ-हू सरोवराच्या पश्चिमेस आहे. तेथील डिंगशू या वस्तीच्या आसपास निघणारी लोहयुक्त माती 'झीशा', म्हणजे 'जांभळी वाळू', या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्यांत गारगोटीचे व अभ्रकाचे सूक्ष्म कण असतात. सुमारें ११०० ते १२०० अंश उष्णतेवर ती भाजली असतां घट्ट होते. पण चिनी मातीच्या बशीप्रमाणें कांचेसारखी बंद होत नाहीं, तिचीं सूक्ष्म छिद्रें उघडीं राहतात. तिच्यावर कांचेचा लेप देत नाहींत. जांभळी, तांबडी आणि हिरवट-पिवळी अशा तिच्या मुख्य जाती आहेत.

या मातीस चहाचें भाग्य लाभण्याचें कारण राजकीय आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सन १३९१ मध्यें मिंग वंशाच्या पहिल्या बादशहानें दाबून केलेल्या वड्यांच्या रूपानें खंडणीचा चहा घेण्याची रीत बंद केली. त्यामुळें सुट्या पानांचा चहा दरबारांत व दरबाराबाहेर रूढ झाला, आणि पानें मुरविण्यास झांकणाचें व तोटीचें भांडें हवें झालें. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून यीशिंगच्या किटल्यांचा लौकिक वाढला. पुढें कांग्शी बादशहाच्या कारकीर्दींत (सन १६६१ ते १७२२) चेन मिंगयुआन नांवाचा कुंभकार झाला. त्यानें याच मातीचीं अक्रोड, चेस्टनट वगैरे फळें इतकीं हुबेहूब घडविलीं कीं तीं विद्वानांच्या लिहिण्याच्या मेजावर मिरवूं लागलीं. आजच्या चहामूर्तींचे जवळचे पूर्वज शोधावयाचे तर आमच्या मतें या मेजावरच्या फळांत शोधावे.

दूरचा पूर्वज याहून पुष्कळ जुना आहे आणि त्याची हकीकत मनोरंजक आहे. तांग वंशाच्या काळीं लू यू (सन ७३३ ते ८०४) नांवाचा पंडित होऊन गेला. त्याचें बालपण बौद्ध विहारांत गेलें. 'चा-चिंग' हा चहावरील पहिला शास्त्रीय ग्रंथ त्याचा. नवव्या शतकाच्या आरंभीं ली चाओ या लेखकानें असें नोंदलें आहे कीं, गोंग परगण्यांतील कुंभार या लू यूच्या चिनी मातीच्या बाहुल्या करीत. कोणी दहावीस चहापात्रें एकदम विकत घेतलीं कीं त्यांबरोबर एक लू यू फुकट मिळे. आणि चहा विकणाऱ्याचा धंदा बसला म्हणजे तो त्या बाहुलीवर पाणी ओती. तांगकाळच्या दुसऱ्या एका टिपणांत हेंच अधिक स्पष्ट आहे: विक्री झाली तर तिला चहाचा नैवेद्य, न झाली तर चुलीवरील आधणाचें कढत पाणी. हेबेई प्रांतांत उकरून निघालेली, दहाव्या शतकाच्या सुमाराची एक पांढरी लहान मूर्ति बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. ती लू यूची मानतात.

चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या पंडिताच्या डोक्यावर कढत पाणी ओतण्याचा हा प्रकार वाचून कोणास हंसूं येईल. परंतु मराठी मनुष्यानें हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. मनांतला हेतु सिद्धीस जाईपर्यंत 'देव पाण्यांत ठेवून बसणें' ही रीति आपल्याकडील आहे, आणि आतां ती म्हणीसारखी वापरली जात असली तरी एके काळीं ती अक्षरशः आचरली जात होती. पाऊस लांबला म्हणजे महादेवाच्या गाभाऱ्यांत पाणी भरून पिंडी बुडवावयाची, हें खेडोपाडीं अजूनही आढळतें. देवतेस थोडें संकटांत घालून तिच्याकडून काम करून घ्यावें, ही बुद्धि दोन्हीकडे एकच. मात्र यावरून एकानें दुसऱ्यापासून रीति घेतली, असें अनुमान करणें घाईचें होईल. तसेंच तांगकाळची बाहुली आणि आजचा मातीचा बेडूक यांच्यामध्यें हजार वर्षांची अखंड परंपरा आहे, असें विक्रेते सांगतात तेंही आम्हांस मान्य नाहीं. पहिली लेपाची, म्हणजे पाणी न पिणारी होती. दुसरा पाणी पिण्यासाठींच केलेला आहे. त्यांत साम्य ओतण्यापुरतेंच आहे.

भारत आणि चीन यांचा या बाबतींत खरा संबंध दाखविणारा साक्षीदार निराळाच आहे. इत्सिंग हा चिनी भिक्षु सन ६७१ मध्यें समुद्रमार्गें निघाला, नालंदा येथें सुमारें दहा वर्षें राहिला आणि सन ६९५ मध्यें स्वदेशीं परतला. परततांना सुमात्रांतील श्रीविजय येथें त्यानें भारतांतील विहारांच्या आचारांचें जें वर्णन लिहिलें, त्याचें इंग्रजी भाषांतर ताकाकुसू या जपानी पंडितानें सन १८९६ मध्यें ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध केलें. या वर्णनांत मूर्तिस्नानास एक स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. सकाळीं घंटा वाजते. अंगणांत छत धरतात. सुगंधी जलाच्या कुप्या ओळीनें मांडतात. मूर्ति एका पात्रांत ठेवून तिला चंदनादि द्रव्यांचें उटणें लावतात, वरून पाणी ओततात आणि शुभ्र वस्त्रानें पुसतात. मोठ्या मूर्तीस मासाच्या मध्यास व अखेरीस सर्व संघानें, आणि लहान मूर्तीस शक्य तर रोज ज्यानें त्यानें स्नान घालावें, असें तो सांगतो. स्नानाचें पाणी दोन बोटांनीं मस्तकावर शिंपडतात, हेंही त्यानें टिपलें आहे. हें आपलें तीर्थच होय.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याचें याच प्रकरणांतलें दुसरें एक वाक्य अधिक मोलाचें आहे. तांब्याची मूर्ति, लहान असो वा मोठी, बारीक राखेनें किंवा विटेच्या चूर्णानें घासावी आणि ती आरशासारखी स्वच्छ होईपर्यंत तिच्यावर निर्मळ पाणी ओतावें, असें तो म्हणतो. म्हणजे राख, वीटकर आणि आरशासारखी चकाकी हा आमच्या मूर्तींच्या निगेचा विधि निदान १३०० वर्षांचा जुना आहे. आजी देव घासते ती राखुंडी सातव्या शतकांतील नालंदेच्या भिक्षूच्या हातीं होती. इतकी जुनी परंपरा चटकन् टाकून द्यावी असें कोणासही वाटणार नाहीं, आम्हांसही वाटत नाहीं. परंतु तिची किंमत काय पडते तें मोजून पाहिलें पाहिजे.

जातां जातां एक गोष्ट सांगून ठेवतों. इत्सिंगनेंच बुद्धमूर्तीच्या स्नानाचें पुण्य सांगणाऱ्या एका सूत्राचें चिनी भाषांतर सन ७१० मध्यें केलें. जपानांत आजही ८ एप्रिल या दिवशीं बालबुद्धाच्या लहान धातुमूर्तीवर 'गोड चहा' या नांवाचा काढा पळीनें ओततात. तें चहाचें पान नव्हे, दुसऱ्या एका झुडपाचें आहे. तरी चहाचें नांव घेऊन मूर्तीस स्नान घालण्याचा हा प्रकार नालंदेच्या अंगणाशीं धाग्यानें जोडलेला आहे. यीशिंगचा बेडूक त्या धाग्यांत येत नाहीं.

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. धातूंच्या शुद्धीचा विचार मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आहे. तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल व पाणी यांनीं, जेथें जें योग्य तेथें तें योजून करावी, असा तेथील आशय आहे. राख हा क्षार आणि चिंच हें आम्ल. यांतील 'जेथें जें योग्य' ही अट आमच्या स्वयंपाकघरांत कधींच गळून पडली. शिवाय मनूचा हा नियम भांड्यांच्या शौचासंबंधीं आहे. घागर घासतांना तिच्यावरून कांहीं पुसलें जात नाहीं, कारण तिच्यावर कांहीं लिहिलेलें नसतें. मूर्तीच्या अंगावर मात्र डोळे, आयुधें, वाहन, क्वचित् अक्षरें असतात.

आम्ल व तांबें यांचें वैर आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. गाईचें दूधदहीं तांब्याच्या पात्रांत ठेवल्यास तें मद्यासमान मानावें असें निबंधकारांनीं म्हटलें आहे आणि त्यांतून एक अपवाद काढला आहे, तो तुपाचा. हा अपवाद ज्यानें केला त्यानें डोळे उघडे ठेवून केला. दह्यांतील आम्ल तांबें विरघळवितें. तूप तसें करीत नाहीं. पंचामृतांत दूध, दहीं, तूप, मध व साखर असतात. त्यांतील दहीं पितळी किंवा पंचधातूच्या मूर्तीच्या सांध्यांत राहून गेलें तर तें आपलें काम करीत राहतें. म्हणूनच पंचामृतानंतर शुद्धोदकस्नान सांगितलेलें आहे, आणि तें घाईनें उरकणें हें मूर्तीच्या दृष्टीनें वाईट.

मातीच्या मूर्तीचा आमचा नियम तर अगदींच वेगळा आहे. भाद्रपदांतील पार्थिव गणपति कच्च्या मातीचा असतो. त्यास पंचामृतानें न्हाऊं घालीत नाहींत. फुलानें किंवा दूर्वेनें शिंपडतात, आणि सर्व स्नान होतें तें अखेरीस एकदांच, विसर्जनाचें. भट्टींत भाजलेली पण तहानलेली ठेवलेली, रोज ओतण्यासाठींच केलेली मूर्ति ही कल्पना चिनी आहे. ब्रह्मपुरी, पैठण, तेर येथें सातवाहनकाळच्या केओलिन मातीच्या सांचांत काढलेल्या सुंदर पोकळ आकृति सांपडल्या आहेत. परंतु त्या नित्य स्नानाच्या नव्हेत. संग्राहकांपैकीं कोणाजवळ तशी एखादी असल्यास तिच्यावर चहाचा प्रयोग करण्याचा मोह त्यांनीं टाळावा, हें सांगण्याचीही गरज नसावी. पण सांगून ठेवतों.

चहामूर्तीच्या निगेविषयीं आमचें ज्ञान ग्रंथांतलें आणि थोडें हातचें असें दोन्ही आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें चीनहून परत येतांना तोंडांत नाणें धरलेला तीन पायांचा एक बेडूक आम्हांस आणून दिला. हें तिकडील धनाचें चिन्ह आहे. नवी आकृति प्रथम कोमट पाण्यांत बुडवून मऊ कुंचल्यानें धुवावी, म्हणजे भट्टीची धूळ निघते. साबण, तेल, मेण यांतलें कांहींही तिच्यापाशीं नेऊं नये. छिद्रांत गेलेला साबण निघत नाहीं आणि पुढें चहास वास येतो. एका आकृतीवर शक्यतों एकाच जातीचा चहा ओतावा. काळ्या किंवा मुरविलेल्या चहानें रंग लवकर चढतो, हिरव्यानें फार सावकाश. ओतल्यावर कुंचल्यानें चहा सर्व अंगावर, विशेषतः खांचांतून, फिरवावा. नाहीं तर जेथें धार पडते तेथें काळा पट्टा उमटतो आणि पोट पांढरेंच राहतें. शेवटीं नुसतें कढत पाणी ओतून, मऊ फडक्यानें टिपून, सावलींत वाळूं द्यावी. चहाच्या डबक्यांत रात्रभर बसवून ठेवल्यास रंग लवकर येतो असें कांहींजण समजतात; त्यानें रंग नव्हे, किटण येतें आणि दमट हवेंत बुरशी धरते. गार आकृतीवर एकदम उकळतें पाणी ओतूं नये, तडा जातो. ज्यांवर कांचेचा लेप आहे अशा आकृति चहा पीत नाहींत. लेपास बारीक तडे असले तर त्या तड्यांतच काय ती रेषा उमटते. गरम पाणी पडतांच रंग बदलणाऱ्या आकृति बाजारांत मिळतात, त्या मातीच्या नव्हेत.

एक इशारा खास आमच्या बाजूच्या वाचकांसाठीं. चहामूर्तीवर ओतावयाचा तो बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. दुधाचा स्निग्धांश आणि साखर छिद्रें बुजवितात, आंबूस वास सुटतो आणि मुंग्यांची रांग लागते. वारणानगरांत दुधाला तोटा नाहीं आणि साखरेला तर नाहींच नाहीं. त्यामुळें आमच्या बेडकावर आल्यागेल्याच्या हातून हा प्रसंग येऊं नये म्हणून आम्हांस पहारा करावा लागतो.

पोकळ पोराची जी एक आकृति असते, तिच्या गमतींत थोडें पदार्थविज्ञानही आहे. तिला एकच बारीक भोंक असतें. ती गार पाण्यांत बुडविली म्हणजे आंत थोडें पाणी शिरतें. मग डोक्यावर कढत पाणी ओतलें कीं आंतली हवा फुगून पाण्यास बाहेर ढकलते आणि पोर लघवी करितें. पाणी पुरेसें तापलेलें नसेल तर धार दूर जात नाहीं. चहाच्या पाण्याची ही घरगुती परीक्षाच म्हणावयाची.

येथवर आलेली मातीची गोष्ट वाढीची होती. आतां टाकांची गोष्ट पाहूं. ती झिजेची आहे.

वारणानगर ही वसाहत सहकारी साखर कारखान्याभोंवतीं उभी राहिलेली, तिचें वय लहान. परंतु भोंवतालचा मुलूख जुना आहे. दक्षिणेस पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर, आणि जवळून वाहते ती वारणा, जिच्या नांवानें सन १७३१ चा सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील तह ओळखला जातो. या मुलखांतील मराठा, धनगर, लिंगायत, ब्राह्मण अशा अनेक घरांत देव्हाऱ्यांत टाक असतात. टाक म्हणजे चांदीच्या, क्वचित् सोन्याच्या वा पितळेच्या पातळ पत्र्यावर उठावानें काढलेली देवतेची प्रतिमा. सोनार पत्रा ठशावर ठोकून उठाव काढतो आणि मागून बहुधा तांब्याचा पत्रा बसवून कडा वळवितो. कुलस्वामी, कुलस्वामिनी आणि घराण्यांत लढाईंत पडलेला अथवा अपमृत्यूनें गेलेला 'वीर' हे टाकांचे नेहमींचे विषय होत.

टाकाचें ऐतिहासिक मोल कशांत आहे, तें पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या आमच्या मित्रांस सांगावेंसें वाटतें. जुन्या घराण्यांचें मूळ गांव, स्थलांतर व कुळाचार यांचा पुरावा कागदांत नेहमीं सांपडतोच असें नाहीं. कागद वाळवीनें जातात, आगींत जातात, भाऊबंदकींत जातात. टाक मात्र घराबरोबर चालतात. भाऊ वेगळे निघाले म्हणजे नवे टाक करून घेतात, आणि त्यामुळें कोणत्या घरांत कोणता देव आहे यावरून शाखांचा संबंध लावतां येतो. एखाद्या घरांत जोतिबा आणि खंडोबा दोन्ही असले तर त्यांतला मूळचा कोणता आणि वारणाकांठीं आल्यावर जोडलेला कोणता, हा प्रश्न घराण्याच्या इतिहासाचाच आहे.

आणि येथेंच अडचण उभी राहते. खंडोबाच्या टाकावर घोडा, हातांत खड्ग, मागें किंवा शेजारीं म्हाळसा व पायाशीं कुत्रें असतें. जोतिबाही घोड्यावर आणि खड्गधारी. वीरही पुष्कळदां घोड्यावरच. तिघांस निराळें करणाऱ्या खुणा बारीक आहेत: कुत्रें, स्त्रीची आकृति, हातांतील पात्र, पगडीची घडण. उठावाचा पत्रा घासला म्हणजे सर्वांत उंच भाग प्रथम जातो, म्हणून चेहरा सपाट होतो. आणि बारीक रेषा खोल नसतात, म्हणून त्याही लवकर जातात. शेवटीं घोड्याच्या आकाराचा एक उंचवटा आणि त्यावर एक फुगवटा एवढेंच उरतें. मग घरांतील वडीलधारी मंडळी सांगतील तें प्रमाण, आणि तींही गेलीं म्हणजे सोनार विचारतो, "कोणाचा टाक करूं?" नव्या पिढीस उत्तर देतां येत नाहीं. अशा घरीं जवळच्या देवस्थानाचा टाक करून घेतात आणि एका पिढींत घराण्याचा देव बदलतो. आम्हीं आसपासच्या गांवीं पाहिलेल्या जुन्या टाकांत खूण निश्चित सांगतां येईल असे थोडेच आढळले.

झिजेचीं दारें तीन. पहिलें नित्याचें किंवा सणावारचें घासणें, राखेनें, रांगोळीनें, आतां बाजारच्या पुडीनें. रांगोळी ही दगडाची भुकटी. ती चांदीहून कठीण आहे, हें रांगोळी घालणाऱ्या हातास जाणवत नसलें तरी चांदीस जाणवतें. दुसरें दार लग्नकार्याच्या आधीं टाक 'उजळून' आणण्याचें. सोनार टाक तापवितो, चिंचेच्या किंवा तुरटीच्या पाण्यांत टाकतो, रिठ्याच्या पाण्यानें घासून लख्ख करतो. चांदी काळी पडते ती हवेंतील गंधकाच्या संयोगानें. तो काळा थर म्हणजे चांदीच आहे, मळ नव्हे. प्रत्येक वेळीं तो थर काढला कीं तितकी चांदी गेली. तिसरें दार शेवटचें: भोंक पडलेला, झिजलेला टाक पुजूं नये म्हणून मोडींत देणें आणि त्याच चांदींत नवा करणें. कोल्हापूरच्या गुजरींत किंवा चांदीकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या हुपरींत नवा टाक सुबक मिळेल. जुना तेथल्या मुशींत गेलेला असेल.

याउलट उदाहरण कोल्हापूर शहरांतच आहे. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी येथें सन १९४४-४५ मध्यें प्राध्यापक कुंदणगार यांस कांशाच्या वस्तूंचा एक निधि सांपडला. त्यानंतर सन १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजतर्फें सांकळिया व दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें. त्या निधींत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वितभर पुतळी आणि स्वारांसह हत्ती या वस्तु आहेत. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतल्या या वस्तु टाऊन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. समुद्रदेवाच्या दाढीचे व केसांचे कुरळे, छातीपोटाचे स्नायु अजून वाचतां येतात. मातीखालीं सतराअठराशें वर्षें पडून जें राहिलें, तें आमच्या देव्हाऱ्यांत दीडशें वर्षेंही टिकत नाहीं. मातीनें त्यावर थर चढविला. हातानें थर काढले नाहींत, इतकेंच.

यावरून देव पुजूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. पुजावे, स्नानही घालावें. पण स्नान आणि घासणें हीं दोन आहेत, हें ओळखावें. चांदीच्या टाकास नुसतें पाणी, मऊ सुती वस्त्र आणि पूर्ण वाळविणें एवढें पुरें. गंध व कुंकू उठावाच्या खांचांत सांचतें, तें ओल्या मऊ कुंचल्यानें हळूच काढावें. टोंचणीनें कोरूं नये. पितळ, कांसें व पंचधातूच्या मूर्तीस चिंच आणि मीठ एकत्र लावण्याची चाल फार घातक. चिंच चकाकी देते, परंतु मिठाचा अंश धातूच्या छिद्रांत राहतो आणि दमट हवेंत तेथें फिकट हिरवी भुकटी फुटूं लागते. ही भुकटी पुसली तरी पुन्हां येते व धातु आंतून खाते. जुन्या मूर्तीवरील घट्ट, गुळगुळीत, तपकिरी वा गडद हिरवा थर हा निराळा. तो तिचें कवच आहे, त्यास हात लावूं नये. फिकट, ठिसूळ, पसरणारा हिरवा ठिपका दिसला तर मूर्ति कोरड्या जागीं वेगळी ठेवून संग्रहालयांतील जाणत्यास दाखवावी.

पोथ्यांच्या संग्राहकांनीं आणखी एक पाहावें. टाक दप्तराच्या पेटींत ठेवण्याची चाल आहे, आणि कागदांचीं पुडकीं हल्लीं रबराच्या कड्यांनीं बांधतात. रबरांत व लोकरींत गंधक असतो. त्यांच्या शेजारीं चांदी झपाट्यानें काळी पडते, आणि मग ती उजळावी लागते. टाक स्वच्छ सुती कापडांत गुंडाळून निराळ्या डब्यांत ठेवावा. ओला टाक आणि ओली चहामूर्ति यांस पोथीच्या पेटीच्या आसपासही जागा नाहीं.

मोठ्या देवस्थानांनीं हा प्रश्न पूर्वींच ओळखला होता. आगमग्रंथांत मूळ मूर्तीखेरीज स्नानासाठीं एक लहान धातूची मूर्ति सांगितलेली आहे. मूळ मूर्ति लेपाची किंवा मातीची असेल तर अभिषेक त्या लहान मूर्तीवर होतो. कोल्हापूरच्या श्रीअंबाबाईच्या पाषाणमूर्तीची झीज ध्यानीं आल्यावर अभिषेक उत्सवमूर्तीवर होऊं लागला, आणि सन २०१५ मध्यें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनीं मूळ मूर्तीचें रासायनिक संवर्धन केलें. अशा प्रसंगीं वृत्तपत्रांत 'वज्रलेप' हा शब्द सर्रास येतो. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत सांगितलेला वज्रलेप म्हणजे टेंभुर्णी व कवठ यांचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादींचा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटविलेला काढा, त्यांत गुग्गुळ, राळ, बेलफळ वगैरे घालून केलेला आणि तापवून लावावयाचा लेप. तो कोटि वर्षें टिकतो असें आचार्य म्हणतात. आजचे लेप रसायनांचे आहेत आणि त्यांविषयीं इतका मोठा दावा कोणी करीत नाहीं. घरच्या देव्हाऱ्यासाठीं लेपाच्या भानगडींत पडण्याचें कारणही नाहीं. पूजेंत एक साधी सुपारी किंवा नवा टाक स्नानास ठेवून जुना टाक केवळ गंधफुलाचा धनी करावा. आगमांतील युक्तीचा हा घरगुती अवतार होईल आणि कुळाचारही मोडणार नाहीं.

ज्यांस जुना टाक मोडींत घालणें किंवा उजळणें भागच आहे, त्यांनीं तत्पूर्वीं दोन गोष्टी कराव्या. टाक सपाट जागेवर ठेवून एका बाजूनें तिरका उजेड पाडावा आणि त्याचें छायाचित्र घ्यावें. समोरच्या उजेडांत न दिसणाऱ्या रेषा तिरक्या उजेडांत उठून दिसतात. उजेडाची बाजू बदलून अशीं चार छायाचित्रें घ्यावीं. मग टाकाचें वजन करून तें, लांबीरुंदी, पाठीवर कांहीं अक्षरें अथवा सोनाराची खूण असल्यास ती, आणि घरांतील वृद्धांनीं सांगितलेलें देवतेचें नांव, हें सर्व तिथीसह वहींत लिहून ठेवावें. पुढच्या उजळणीच्या वेळीं पुन्हां वजन करावें. किती गुंजा गेल्या तें कळेल. वारणा, पंचगंगा व कृष्णा यांच्या कांठच्या सोनारांच्या घरीं टाकांचे जुने कांशाचे ठसे अजून पडून असण्याचा संभव आहे. झिजलेल्या टाकांची ओळख पटविण्यास त्यांसारखें दुसरें साधन नाहीं. ज्यांच्याजवळ असे ठसे असतील किंवा ज्यांनीं पाहिले असतील, त्यांनीं त्यांचें माप व वर्णन मंडळाकडे अवश्य पाठवावें.